वाळवंटी राज्यातल्या जंगलवाटा: ॲरिझोनात नव्याने आलेल्यांसाठी

ॲरिझोनात जंगल उंचीवर सुरू होतं. फिनिक्स शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३३० मीटरवर आहे. आजूबाजूला साग्वारो निवडुंग, पालो व्हर्दे, क्रिओसोटची झुडपं आणि तापलेला खडक. तिथून आय-१७ महामार्गाने उत्तरेला दोन-सव्वादोन तास गाडी चालवली की फ्लॅगस्टाफ येतं, सुमारे २,१०० मीटरवर, आणि गावाच्या चारी बाजूंना पाँडेरोसा पाइनचं जंगल असतं. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे फ्लॅगस्टाफच्या स्टेशनपाशी चहा पीत उभे असाल, तेव्हाच तुम्ही महाराष्ट्रातल्या कुठल्याही माथ्यापेक्षा वर आलेले असता.

हे उंचीचं गणित इथे फार पूर्वी कुणीतरी मांडून ठेवलं आहे. सी. हार्ट मेरियम या निसर्गशास्त्रज्ञाने १८८९ साली फ्लॅगस्टाफजवळच्या सॅन फ्रान्सिस्को पीक्सचा अभ्यास केला. वाळवंटापासून शिखरापर्यंत चढताना झाडं आणि प्राणी जसे बदलतात, तसेच ते दक्षिणेकडून कॅनडाच्या दिशेने जाताना बदलतात, हे त्याला दिसलं. त्यावरून त्याने जीवनपट्ट्यांची कल्पना मांडली. त्यातले तपशील पुढे सुधारले गेले, पण चालणाऱ्याच्या कामाला ती आजही येते: खाली निवडुंग, मग जुनिपर आणि पिन्यॉन, त्यावर पाँडेरोसा, त्यावर डग्लस फर आणि ॲस्पेन, मग स्प्रूस, आणि सगळ्यात वर उघडा खडक. आपण कुठल्या पट्ट्यात चालणार हे ठरलं की कपडे, पाणी, निघायची वेळ आणि धोका, सगळं त्यावरून ठरतं.

फिनिक्स, चँडलर, टेम्पी किंवा टूसॉनला नोकरी-शिक्षणासाठी आला असाल आणि शनिवार-रविवारी सावलीत चालायचं असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. सह्याद्रीत भटकलेले असाल तर पायांना सराव आहे, ती जमेची बाजू. पण सह्याद्रीने लावलेल्या काही सवयी इथे सोडाव्या लागतात.

आधी महिना, मग उंची

आधी जागा ठरवून मग तारीख बघायची, असा आपला शिरस्ता. इथे उलटं करा. फिनिक्समध्ये जुलैत दुपारचं सरासरी कमाल तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं, तर फ्लॅगस्टाफला २८ च्या. २०२३ साली फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट, म्हणजे ४३ अंशांच्या वर गेला होता. अतिउष्णतेचा इशारा असला की कॅमलबॅकसारख्या शहरातल्या डोंगरवाटा महापालिका दिवसा बंद ठेवते. अशा दिवशी शहरातल्या डोंगरावर जाण्याचा हट्ट धरू नका, वर जा.

डिसेंबर ते फेब्रुवारीत खालच्या वाळवंटी वाटा उत्तम असतात. जंगल बर्फाखाली असतं, तेव्हा नवख्याने ते सोडून द्यावं. मार्च-एप्रिलमध्ये १,५०० मीटरच्या आसपास जा: पेसन, सेडोना, ओक क्रीकचा परिसर. बर्फ वितळत असल्यामुळे ओढ्यांना तेव्हा पाणी असतं, आणि ते हाडं गोठवणारं असतं. मे-जूनमध्ये २,००० मीटरच्या वर चढा, पण हेच दिवस सगळ्यात कोरडे आणि वणव्याचे. जुलै ते सप्टेंबर पावसाळा, म्हणजे फक्त सकाळ आपली. सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ॲस्पेन पिवळे होतात. हवा स्थिर, आकाश स्वच्छ, ओढ्यांच्या काठाला मेपल लाल झालेले. वर्षात एकदाच जायचं असेल तर याच दिवसांत जा.

एक छोटी गोष्ट आधीच अंगवळणी पाडा. पाट्यांवर अंतर मैलांत आणि उंची फुटांत असते. एक मैल म्हणजे १.६ किलोमीटर, हजार फूट म्हणजे सुमारे ३०५ मीटर. वाटेची लांबी पाहून फसू नका, चढ किती आहे ते आधी बघा.

पहिल्या चार वाटा

हॉर्टन क्रीक. पेसनजवळ, मोगियॉन रिम या प्रचंड कड्याच्या पायथ्याला. हा कडा राज्याच्या मध्यातून सुमारे ३०० किलोमीटर आडवा गेला आहे, आणि त्याच्या वरचं पठार म्हणजे पाइनचा अखंड पट्टा. वाट ओढ्याच्या काठाकाठाने चढत एका झऱ्यापर्यंत जाते. जाऊन-येऊन सुमारे १३ किलोमीटर, चढ बेताचा. ॲरिझोनात बारमाही वाहतं पाणी सोबतीला असणं ही किती दुर्मीळ गोष्ट आहे, हे इथे काही महिने राहिल्यावर कळतं. दमलात तर कुठूनही मागे वळा, अर्धी वाटसुद्धा सुरेखच आहे. फिनिक्सहून येणाऱ्या नवख्याने सुरुवात इथून करावी.

वेस्ट फोर्क, ओक क्रीक. सेडोना आणि फ्लॅगस्टाफच्या मधल्या दरीत. दोन्ही बाजूंना लाल-पांढरे उंच कडे, मधून ओढा, आणि वाट तो ओढा सुमारे तेरा वेळा ओलांडते. कधी दगडांवरून उड्या मारत, कधी घोटाभर पाण्यातून. बांधीव वाट साडेपाच किलोमीटरच्या आसपास गेल्यावर संपते. पुढे पाण्यातूनच जावं लागतं, म्हणून तिथूनच परत फिरा. इथे गाडीमागे वेगळं शुल्क आहे आणि वाहनतळ लहान आहे. ऑक्टोबरच्या शनिवारी उशिरा पोचलात तर जागा मिळणार नाही आणि रस्त्याच्या कडेला गाडी लावता येत नाही. मधल्या वारी जा, किंवा फाटक उघडायच्या वेळी तिथे असा. बूट ओले होणार हे धरूनच चला. सुके मोजे सॅकमध्ये आणि चपला गाडीत ठेवा.

स्नोबोलची ॲस्पेन वाट. फ्लॅगस्टाफच्या वर, स्नोबोल या स्कीइंगच्या केंद्रापाशी, २,८०० मीटरच्या आसपास, तीनेक किलोमीटरचं वर्तुळ. लहान मुलं आणि भारतातून आलेले आई-बाबा यांच्यासाठी हीच. ॲस्पेनच्या पानाचा देठ चपटा असतो, त्यामुळे वाऱ्याची जाणीवही होत नाही अशा वेळी अख्खं झाड थरथरत असतं. मात्र उंची मोठी आहे. वडीलधाऱ्यांना हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांना थेट इथे आणू नका.

मार्शल गल्च आणि ॲस्पेन, माउंट लेमन. टूसॉनकरांची वाट. टूसॉन ७३० मीटरवर, माउंट लेमनचा माथा २,७९० मीटरवर, आणि मधला सुमारे ४३ किलोमीटरचा घाटरस्ता म्हणजे मेरियमची सगळी मांडणी गाडीच्या काचेतून. साग्वारोपासून निघायचं आणि तासाभरात फरच्या सावलीत उतरायचं. दक्षिण ॲरिझोनातले असे सुटे, जंगलाने झाकलेले डोंगर वाळवंटात बेटांसारखे उभे आहेत. स्थानिक लोक त्यांना ‘स्काय आयलंड’ म्हणतात. मार्शल गल्चने चढून ॲस्पेन वाटेने उतरलं की सहा किलोमीटरच्या आसपास फेरी होते. वाटेत जळकी खोडं दिसतील. २००३ च्या वणव्यात वरचं समरहेवन गाव बरंचसं जळून गेलं होतं, आणि २०२० साली विजेने लागलेली बिगहॉर्न आग याच डोंगरावर पसरली. जळक्या भागात वारा सुटला की थांबू नका. उभी वठलेली झाडं काहीही सूचना न देता कोसळतात.

पाणी: सगळ्यात मोठा गैरसमज

हिरवं दिसतं म्हणजे ओलं आहे, ही सह्याद्रीची समजूत. पाँडेरोसाचं जंगल कोरडं असतं. फ्लॅगस्टाफभोवती ज्वालामुखीची राख आणि फुटका खडक, रिमवर चुनखडी. पडलेलं पाणी झटकन खाली मुरतं. नकाशावरच्या निळ्या रेषांपैकी बऱ्याच वर्षातला बहुतेक काळ कोरड्या असतात. किल्ल्यावर टाकं असतं, पायथ्याच्या वाडीत कुणीतरी तांब्याभर पाणी देतं, माचीवर लिंबू सरबताची टोपली घेतलेल्या मावशी भेटतात. इथे यातलं काहीही नाही. जे प्यायचं ते पाठीवर.

माणशी, तासाला अर्धा लिटर धरा. उन्हाळ्यात किंवा खड्या चढाला पाऊण ते एक लिटर. अर्ध्या दिवसाच्या वाटेला तीन लिटरपेक्षा कमी घेऊन निघू नका, आणि आणखी चार लिटर गाडीत ठेवा. हवा इतकी कोरडी असते की घाम अंगावर टिकत नाही. कपडे भिजत नाहीत, म्हणून घाम जातोय हे लक्षात येत नाही. ओठ सुकणं, डोकं जड होणं, लघवी गडद होणं ही चिन्हं दिसली म्हणजे आधीच उशीर झालेला असतो. तहान लागायची वाट न बघता घोट घोट पीत राहा.

पाण्याची विभागणी अशी करा: एक तृतीयांश जाताना, एक तृतीयांश येताना, एक तृतीयांश अडचणीसाठी. जातानाचा वाटा संपला की शिखर समोर दिसत असलं तरी वळा. हा नियम गटातल्या प्रत्येकाने निघण्यापूर्वी मान्य करावा. चढावर वाद घालायला कुणाच्या अंगात त्राण नसतं.

नुसतं पाणी तासन्‌तास पीत राहिलं तर शरीरातलं मीठ पातळ होतं, आणि तेही धोक्याचं आहे. इथे आपलं स्वयंपाकघर कामाला येतं. तिखटमिठाच्या पुऱ्या, धपाटे, लिंबाच्या लोणच्याची फोड, खारे शेंगदाणे, गूळ-शेंगदाणे, मीठ घातलेलं कोकम सरबत. चकचकीत वेष्टनातल्या एनर्जी बारपेक्षा हे काकणभर सरसच आहे, आणि चढावर घशाखाली उतरतं. ओढ्याचं पाणी नितळ दिसलं तरी गाळल्या-उकळल्याशिवाय किंवा गोळी टाकल्याशिवाय पिऊ नका.

बारा वाजायच्या आत खाली

हवामान खातं इथला पावसाळा १५ जून ते ३० सप्टेंबर असा धरतं. ‘मान्सून’ शब्द ऐकून आपल्या डोळ्यांपुढे श्रावणातली भटकंती येते: दिवसभराची रिपरिप, धुकं, धबधब्याखाली भिजणं. तो विचार इथे मनातून काढून टाका. या पावसाचं नातं आपल्या वळवाशी आहे. सकाळी निळं आकाश, अकराच्या सुमाराला डोंगरावर पांढरे ढग, दुपारी काळेकुट्ट, आणि मग विजा, गारा, सोसाट्याचा वारा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

म्हणून पहाटे निघा आणि अकराच्या आत माथा, सोंड, मोकळं कुरण सोडून उतरायला लागा. ढग फुलकोबीसारखे वर चढताना दिसले की वळायची वेळ झाली. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ गेला तर धोका अगदी जवळ आहे. एकट्या उंच झाडाखाली थांबू नका. सारख्या उंचीच्या झाडांच्या दाट भागात, सखल जागी, एकमेकांपासून अंतर ठेवून थांबा, धातूच्या काठ्या बाजूला ठेवा. गाडी जवळ असेल तर काचा बंद करून आत बसणं सगळ्यात उत्तम. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा, मगच हला.

अरुंद दरीत आणखी एक धोका असतो. तुमच्या डोक्यावर ऊन असताना दहा-पंधरा किलोमीटर वर पडलेला पाऊस ओढ्यातून अचानक लोंढा होऊन येतो. वर जळलेलं जंगल असेल तर हे आणखी वेगाने होतं, कारण पाणी शोषणारी माती आणि झाडोराच राहिलेला नसतो. २०१४ साली ओक क्रीकच्या दरीत मोठा वणवा लागला होता. वेस्ट फोर्कला पावसाळी दिवशी जायचं असेल तर फक्त आपल्या डोक्यावरचं आकाश बघून भागत नाही, वरच्या पठाराचा अंदाजही वाचा. ओढ्याचं पाणी गढूळ झालं, काड्या-पानं वाहून यायला लागली, की लगेच उंच जागा गाठा. गाडीलाही हाच नियम: रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर थांबा. अडथळे लावून बंद केलेल्या पूरग्रस्त रस्त्यावर गाडी घालून अडकलात, तर सुटकेचा खर्च तुमच्याकडून वसूल करता येईल असा कायदा ॲरिझोनात १९९५ पासून आहे.

आग

इथल्या वनखात्याचे निर्बंध टप्प्याटप्प्याने वाढतात. पहिल्या टप्प्यात शेकोटी फक्त ठरवून दिलेल्या, बांधीव जागीच चालते. दुसऱ्या टप्प्यात तीही बंद. आणि फारच कोरडं असेल तर जंगलाचा भाग लोकांसाठी पूर्ण बंद करतात. मे-जूनमध्ये निर्बंध जवळपास दरवर्षी लागतात. निघण्याच्या आदल्या रात्री त्या त्या राष्ट्रीय वनाच्या संकेतस्थळावरच्या सूचना वाचा. फ्लॅगस्टाफ-सेडोनासाठी कोकोनिनो, हॉर्टन क्रीकसाठी टाँटो, माउंट लेमनसाठी कोरोनाडो.

चुलीवरचं भरीत आणि रस्सा हा आपल्या कॅम्पिंगचा जीव आहे, हे मला पुरेपूर मान्य आहे. तरीही या दिवसांत चूल मांडू नका. बंद करण्याची कळ असलेला गॅसचा छोटा स्टोव्ह सहसा चालतो, तेवढ्यावर भागवा. वाळक्या गवतावर गाडी उभी करू नका, तापलेल्या सायलेन्सरने गवत पेटतं. ज्या शेकोटीला परवानगी आहे ती विझवताना पाणी ओता, ढवळा, पुन्हा ओता, आणि राखेला हात लावून बघा. हाताला ऊब लागली तर ती विझलेली नाही. इथली झाडं एकदा जळली की तिथे पूर्वीसारखं जंगल उभं राहायला माणसाचं आयुष्य पुरत नाही. काही उतारांवर तर पाइन परत येतच नाही, झुडपंच राहतात.

वाट न चुकण्यासाठी

वाटेच्या तोंडाला, म्हणजे ट्रेलहेडला, पाटी असते. तिचा फोटो काढा. पुढे लाकडी फळ्यांवर वाटेचं नाव आणि क्रमांक असतो, मोकळ्या खडकावर दगडांच्या ढिगोऱ्या रचलेल्या असतात. सह्याद्रीत ढोरवाटा जशा चकवतात तशा इथे एल्कच्या वाटा चकवतात. एल्क सांबरापेक्षा मोठं हरीण असतं, आणि त्याच्या कळपाने तुडवलेली वाट अगदी माणसाची वाटते. दहा-पंधरा मिनिटांत एकही खूण दिसली नाही, किंवा वाट खांद्याएवढ्या उंचीच्या फांद्यांखालून जायला लागली, तर शेवटच्या खुणेपर्यंत मागे या.

फोनला रेंज मिळेल असं धरून चालू नका. नकाशा घरीच उतरवून घ्या, फोन विमान मोडवर ठेवा, जोडीला पॉवर बँक आणि डोक्याला लावायची बॅटरी. कुठे जातोय, कुठल्या वाटेने, किती वाजेपर्यंत फोन येईल, हे शहरातल्या एका माणसाला लिहून पाठवा. वळणावळणाच्या चढावर मधून शॉर्टकट मारू नका, त्याने माती धुपते आणि वाट तुटते. चढणाऱ्याला आधी जाऊ द्यावं, आणि घोडा आला तर सगळ्यांनी बाजूला होऊन शांत उभं राहावं, हे इथले रिवाज. गाणी लावायची असतील तर स्वतःच्या कानात. संत्र्याची सालं, शेंगांची टरफलंसुद्धा परत आणा. या कोरड्या हवेत ती कुजत नाहीत.

प्राणी आणि वेली, थोडक्यात

काळी अस्वलं आहेत, पहाडी सिंह आहेत, पण ते माणसाला टाळतात. खाणं गाडीत बंद ठेवा, मुलांना पुढे पळू देऊ नका. रॅटलस्नेक पाइनच्या पट्ट्यातही सापडतो, तेव्हा दिसत नाही तिथे हात-पाय घालू नका. ओक क्रीकच्या काठाला पॉयझन आयव्ही आहे: एका देठावर तीन पानं. अंगाला लागली तर खाज आणि फोड येतात. शरद ऋतूत राष्ट्रीय वनांत शिकारीचा मोसम असतो, म्हणून भडक नारिंगी टोपी किंवा जॅकेट घाला.

दोन गोष्टी मात्र मुद्दाम शोधा. कानांवर केसांचे झुपके असलेली ॲबर्ट खार, जिचं जगणं पाँडेरोसावर अवलंबून आहे. आणि केशरी सालीचा म्हातारा पाँडेरोसा. उन्हात तापलेल्या त्याच्या सालीच्या भेगेला नाक लावा, व्हॅनिलाचा वास येतो.

पुढचा टप्पा: हम्फ्रीज पीक

चार-सहा वाटा झाल्या की प्रत्येकाला राज्याचं सर्वोच्च शिखर खुणावतं. ३,८५१ मीटर. वाट स्नोबोलपासून सुरू होते, जाऊन-येऊन सुमारे १६ किलोमीटर, चढ हजार मीटरच्या आसपास. आकडे राजगडाची सवय असलेल्याला किरकोळ वाटतील. पण फिनिक्सहून सकाळी निघून थेट चढलात तर काही तासांत साडेतीन हजार मीटर वर येता, आणि शरीराला तेवढा वेळ मिळालेला नसतो. डोकेदुखी, मळमळ, पाय भेलकांडणं सुरू झालं तर उपाय एकच: खाली उतरणं. आदल्या रात्री फ्लॅगस्टाफला मुक्काम करा, चालण्याचा वेग बोलता येईल इतकाच ठेवा.

वरच्या खिंडीत पोचल्यावर शिखर समोर दिसतंय असं वाटतं, पण ते शिखर नसतं. असे दोन-तीन फसवे उंचवटे येतात, तिथे धीर सोडू नका. वृक्षरेषेच्या वर वारा जोराचा असतो, जुलैतसुद्धा विंडचीटर आणि कानटोपी लागते. ऊनही खालच्यापेक्षा जास्त भाजतं. वृक्षरेषेजवळचे पिळवटलेले ब्रिसलकोन पाइन बघायला थांबा. त्याच्या वर मात्र वाट सोडून चालायला मनाई आहे, कारण सॅन फ्रान्सिस्को पीक्स ग्राउंडसेल ही छोटी पिवळ्या फुलांची वनस्पती जगात फक्त या शिखरांवर वाढते. वर मुक्कामालाही परवानगी नाही. हे पर्वत होपी, नाव्हाहो आणि इतर अनेक जमातींना पवित्र आहेत. गडावरच्या देवळात वागतो तसं इथे वागा.

जूनच्या मध्यापर्यंत वर बर्फ असू शकतो आणि जुलैपासून विजा सुरू होतात, म्हणून सप्टेंबरचा शेवट सगळ्यात सोयीचा. चढाई शनिवारी ठेवा. रविवारी दुपारनंतर फिनिक्सकडे उतरणारा आय-१७ गाड्यांनी तुंबतो, आणि दमलेल्या माणसाने त्या उतारावर गाडी चालवू नये. शनिवारची रात्र फ्लॅगस्टाफला काढा, रविवारी सकाळी नाश्ता करून निघा.